थर्मोस्टॅट ८२ चा काढून ७१ चा बसवावा का?

पत्राचा सारांश: एका वाचकांचा स्वतःचा सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक आहे आणि तो ते स्वतःच चालवतात. इंजिन इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं आहे, बरंच चाललेलं आहे. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो, पण उन्हाळ्यात भरलेली गाडी लांब चढाला लागली की तो लाल पट्ट्याकडे सरकतो. गाडी अजून एकदाही उकळलेली नाही, तरी चढ आला की यांचा जीव काट्यात अडकतो. मेकॅनिक म्हणतात, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून ७१ चा बसवू, बऱ्याच गाड्यांना बसवलाय, फरक पडतो. ओळखीचे एक जुने ड्रायव्हर सांगतात, थर्मोस्टॅट काढूनच टाक. गाडीत भागीदार असलेल्या भावाचं म्हणणं, कंपनीने दिलंय त्याला हात लावायचा नाही. वाचकांचा प्रश्न असा: इंजिन जितकं थंड चालेल तितकं जास्त टिकेल, मग कमी अंशांचा बसवायला हरकत काय? आणि नाही बसवला, तर इतक्या वर्षांच्या मेकॅनिकना काय सांगायचं?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: सपाट रस्त्यावर काटा मधोमध असतो. तुमचा थर्मोस्टॅट निदान वेळेवर उघडतोय, याची ती खूण आहे. अडचण फक्त लोड, ऊन आणि चढ एकत्र आले की येते. म्हणजे इंजिन भरपूर उष्णता तयार करतं तेव्हा ती बाहेर टाकायला काहीतरी कमी पडतंय. ते थर्मोस्टॅटच्या आकड्याने भरून निघेल का, एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा म्हणजे तो उघडायला लागतो ते तापमान. (७१ आणि ८२ हे आडनिडे आकडे फॅरनहाइटमधून आलेत. १६० आणि १८० अंश फॅरनहाइटचं ते सेल्सिअस.) आत मेण भरलेली छोटी डबी असते. कूलंट त्या तापमानाला पोहोचलं की मेण वितळून फुगतं, पिन ढकलतं आणि झडप उचलली जाते. ती एकदम उघडत नाही. ८२ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडेपर्यंत कूलंट साधारण ९५ वर गेलेलं असतं, ७१ चा ८५ च्या आसपास पूर्ण उघडतो. आता तुमचा चढ डोळ्यांसमोर आणा. काटा लाल पट्ट्याच्या जवळ गेला म्हणजे बहुधा कूलंट शंभरीला टेकलंय किंवा पुढे गेलंय. त्या वेळी ८२ चा असो की ७१ चा, दोन्ही सताड उघडे असतात आणि दोघांतून सारखंच कूलंट रेडिएटरकडे जातं. नळ लवकर सोडला म्हणून धार मोठी होत नाही.

थर्मोस्टॅट इंजिनाला ठरावीक तापमानाच्या खाली जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. वर किती जायचं हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि जाळीतून जाणारी हवा ठरवतात.

मग फरक पडतो असं सांगणारे मेकॅनिक चुकीचं सांगतात का? तसं मला वाटत नाही. फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असणार, आणि त्याची दोन कारणं संभवतात. एक, बऱ्याच गाड्यांमध्ये जुना थर्मोस्टॅट थकलेला असतो. मेणाची डबी झिजते, झडप अर्धीच उचलली जाते. तिथे नवा कुठल्याही आकड्याचा घातला असता तरी काटा खाली आला असता. त्यात थर्मोस्टॅट बदलताना कूलंट उतरवून नवं भरलं जातं, अडकलेली हवा निघते, एखादी सैल क्लिप आवळली जाते. श्रेय मात्र ७१ या आकड्याला मिळतं.

दुसरं कारण खरं आहे, पण फार पुरणारं नाही. ७१ चा बसवला की सपाटीवर इंजिन दहाएक अंश थंड चालतं, त्यामुळे चढाला लागताना तेवढी शिल्लक हाताशी असते. ती किती पुरते याचा ढोबळ हिशोब करू. समजा चढावर इंजिन २०० किलोवॉट ताकद देतंय. त्यासाठी डिझेलमधून साधारण ५०० किलोवॉट ऊर्जा खर्च होते, आणि तिचा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे १०० ते १२५ किलोवॉट, उष्णता होऊन कूलंटमध्ये उतरतो. रेडिएटर मातीने बुजून वीस टक्के कमी काम करत असेल, तर २० ते २५ किलोवॉट उष्णता आतच साठत राहते. चाळीसएक लिटर कूलंट आणि सात-आठशे किलोंचं इंजिन दहा अंशांनी तापायला तीन-चार मिनिटं पुरतात. चढ तेवढ्यात संपला तर ७१ च्या थर्मोस्टॅटने गाडी बरी झाली असं वाटेल. लांब चढावर काटा त्याच जागी जाईल, फक्त चार मिनिटं उशिरा.

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येतो: थंड इंजिन जास्त टिकतं. ही समजूत फार लोकांची आहे आणि ती अगदी साहजिक आहे, कारण तापलेलं इंजिन एका दिवसात हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडवतं आणि ते सगळ्यांना दिसतं. थंड चालणारं इंजिन हळूहळू झिजतं आणि ते दिसत नाही.

डिझेल जळलं की वाफ तयार होते. लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत पुरेशी गरम असेल तर ती एक्झॉस्टबरोबर निघून जाते. भिंत थंड असेल तर तिचा काही भाग तिथेच पाणी होऊन बसतो, त्यात डिझेलमधल्या गंधकाचे आणि हवेतल्या नायट्रोजनचे वायू मिसळून सौम्य आम्ल तयार होतं. पिस्टन रिंग आणि लायनर त्याने खरवडले जातात. शिवाय थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेला भाग रिंगांवरून खाली ओघळून ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल पातळ होतं. गरम ऑइलमधून पाणी आणि थोडंफार डिझेल उडून तरी जातं. थंड ऑइलमध्ये ते तसंच राहतं आणि हेड कव्हरच्या आतून, ऑइल भरायच्या झाकणाखाली चिकट गाळ जमायला लागतो. पुढच्या वेळी ते झाकण उघडाल तेव्हा आत बोट फिरवून बघा. नुसतं काळं ऑइल लागलं तर ठीक. पिवळट, साबणासारखा फेस दिसला तर इंजिन नीट तापत नाहीये किंवा ऑइलमध्ये पाणी येतंय. दोन्हीचा छडा लावायला हवा.

अ‍ॅव्हरेजवरही परिणाम होतो, कारण थंड ऑइल जाड असतं आणि ते फिरवायला ताकद लागते. जुन्या इंजिनांत ७१ चा थर्मोस्टॅट सर्रास असायचा. पुढे ८२ आले आणि हल्ली बऱ्याच इंजिनांत ८८ किंवा त्याहून वरचे असतात. स्वच्छ ज्वलन आणि कमी घर्षण यासाठी इंजिन बनवणारेच तापमान वर नेत आलेत. आपण ते खाली ओढतो तेव्हा त्या सगळ्या आखणीच्या उलट जातो.

तुमचं इंजिन इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. कंट्रोल युनिट किती डिझेल द्यायचं आणि कधी द्यायचं हे ठरवताना कूलंटचं तापमान बघतं. इंजिन ७५ वरच घुटमळत राहिलं तर त्याला वाटत राहतं की गाडी अजून गरम व्हायचीच आहे. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. त्याचा ठरलेला कोडही आहे, पी०१२८. एक्झॉस्टला काजळीचा फिल्टर असेल, तर तो जाळून साफ करायची प्रक्रिया कूलंट पुरेसं गरम झाल्याशिवाय अनेक इंजिनं सुरूच करत नाहीत. मग फिल्टर भरत जातो, गाडी दम टाकते आणि एका स्वस्त सुट्या भागापायी महागडा भाग बदलायची वेळ येते. एक्झॉस्टमधले वायू साफ करायला युरिया वापरणाऱ्या गाड्यांनाही एक्झॉस्ट साधारण २०० अंशांच्या वर गेलेला लागतो, त्याखाली युरियाची फवारणी नीट काम करत नाही.

थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला मात्र कृपा करून अजिबात ऐकू नका. तुमच्यासारख्या मोठ्या डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट सहसा दोन कामं करतो. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून थेट पुन्हा इंजिनात जातं. म्हणजे रिकाम्या गाडीत इंजिन थंड आणि चढावर आधीपेक्षा जास्त गरम, अशी दोन्हीकडून पंचाईत. काही जण सांगतात की थर्मोस्टॅट नसला तर कूलंट इतक्या जोरात फिरतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. ते खरं नाही. प्रवाह वाढला की रेडिएटर जास्तच उष्णता टाकतो. खरं कारण हा बायपास आहे.

आता मला तुम्हाला विचारायचंय, गाडी खरंच किती तापते? काटा तुम्हाला अंश सांगत नाही. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर दिसावा आणि त्यापुढे भराभर चढावा. म्हणून एकदा स्कॅनर (कंट्रोल युनिटमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून भरलेल्या गाडीत तोच चढ चढा आणि बाजूला बसलेल्या माणसाला कूलंटचं तापमान लिहून घ्यायला सांगा. ९५-९८ वर येऊन थांबत असेल आणि पंखा लागल्यावर खाली येत असेल, तर बहुतेक इंजिनांसाठी ते चालण्यासारखं आहे. एक बार दाबाच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा १२० च्या आसपास उकळतं आणि निम्मं ग्लायकोल असलेलं कूलंट त्याच्याही पुढे. धोक्याचा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. स्कॅनर आणि काटा यांचं जमत नसेल, तर दोष सेन्सरचा किंवा मीटरचा असू शकतो आणि इंजिनाला काहीच झालेलं नसेल.

आकडा खरोखर वर जात असेल, तर सगळ्यात आधी रेडिएटरच्या पुढे वाका. इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर एकमेकांना लागून उभे असतात, एसीचा कंडेन्सर असेल तर तोही. समोरून बघितलं तर पुढची जाळी स्वच्छ दिसते आणि आपण निश्चिंत होतो. पण त्या दोघांमधल्या बोटभर फटीत बॅटरीचा उजेड टाका. तेलकट धूळ, किडे, सुकलेलं गवत यांचा जाड थर तिथे बसलेला असतो आणि तो पुढून किंवा मागून कधीच दिसत नाही. इंटरकूलरचे बोल्ट सैल करून तो पुढे सरकवावा लागतो. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने, आणि प्रेशर वॉशर जवळून लावायचा नाही, कारण जाळीची पानं वाकली की वाट कायमची बंद होते. पत्रातली लक्षणं बघता मला पहिला संशय इथेच येतो.

दुसरा संशय पंख्यावर. पंख्याचा क्लच, म्हणजे गरज पडली की पंखा इंजिनाला जोडणारा भाग, धरतो तेव्हा मोठा घोंगावणारा आवाज येतो, ड्रायव्हरला तो ओळखीचा असतो. काटा चढतोय आणि तो आवाजच येत नसेल, तर क्लच कमजोर झालाय असं समजा. चिकट द्रवाचा क्लच असेल तर इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवून बघा. गरम इंजिनावर तो जड फिरायला हवा. एका झटक्यात गरगर फिरत राहिला तर बदलायला झालाय. पंख्याभोवतीचं कव्हर तुटलेलं असेल तर तेही बसवून घ्या. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

बाकीच्या गोष्टी तपासायला तासभरही लागत नाही: बेल्ट घसरतोय का, प्रेशर कॅपचं रबर कडक झालंय का, खालचा होज पाइप इंजिन रेस केल्यावर आत दबतोय का. कूलंटच्या जागी नुसतं पाणी भरलं जात असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असू शकतात आणि त्याशिवाय लायनरला बाहेरून बारीक खड्डेही पडतात. ग्लायकोल जास्त घातलं म्हणजे जास्त थंड होईल असंही नाही. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून निम्मं-निम्मं प्रमाण बरं. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, थंड इंजिन सुरू करून लगेच होज पाइप दगडासारखे कडक होत असतील आणि गळती नसतानाही कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघायला हवं. तिथे कुठलाही थर्मोस्टॅट उपयोगाचा नाही.

आणि थर्मोस्टॅटवरच शंका असेल तर तो बाहेर काढून तपासा, अगदी सोपं आहे. झडपेच्या फटीत एक दोरा अडकवा आणि थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात असा लोंबकळत ठेवा की तो तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी हळूहळू तापवा. झडप उघडायला लागली की दोरा निसटून थर्मोस्टॅट खाली पडेल. तो क्षण कोरलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश मागेपुढे असायला हवा. मग पाणी ९५ च्या वर नेऊन झडप किती उचलली जाते ते बघा. साधारण आठ-दहा मिलिमीटर उचलली जात असेल तर थर्मोस्टॅट चांगला आहे. जेमतेम फट दिसत असेल तर बदला, पण त्याच आकड्याचा. मोठ्या इंजिनांत कधी दोन थर्मोस्टॅट असतात, तिथे दोन्ही एकदम बदलायचे. बसवल्यावर हवा पूर्ण काढा, नाहीतर अडकलेल्या बुडबुड्यामुळे काटा आणखी उड्या मारेल.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅट कधीच बसवू नये असं मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे जुनं, मेकॅनिकल पंपाचं, कुठलंही इलेक्ट्रॉनिक नसलेलं इंजिन आहे आणि त्याच इंजिनासाठी कंपनीच्याच पार्ट्स कॅटलॉगमध्ये दोन आकडे दिलेले आहेत, त्यांनी रेडिएटर-पंखा तपासून झाल्यावर कमी आकड्याचा बसवायला हरकत नाही. ऑइल थोडं लवकर बदलत राहावं. पेट्रोल इंजिनांत ठोका पडत असेल तर थंड कूलंटने तो कमी होतो, म्हणून तिथे काही जण हा बदल करतात. डिझेलमध्ये तो फायदा मिळत नाही. उलट थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेट घेतं आणि मग एकदम भडकतं, त्यामुळे ठोकाच वाढतो.

तुमच्या भावाचा निष्कर्ष बरोबर आहे, पण हात न लावणं हा उपाय नव्हे. चढावर काटा वर जातोय म्हणजे कुठेतरी काम निघालंय, आणि ते अंगावर काढलं तर एक दिवस हेड उतरवावं लागेल. त्यांना हे नीट समजावून सांगा.

मेकॅनिकना दुखवायची तुम्हाला धास्ती वाटते, ते मला समजतं. गाडीवाल्याला भरवशाचा मेकॅनिक मिळणं सोपं नसतं. त्यांना नाही म्हणूच नका, आधी दुसरं काम सांगा. 'थर्मोस्टॅटचं नंतर बघू, आधी इंटरकूलर पुढे घेऊन मधली घाण काढूया आणि पंख्याचा क्लच बघूया' असं म्हणा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. ते स्वतःच चार गोष्टी आणखी सुचवतील. स्कॅनरचे लिहून घेतलेले आकडे त्यांच्या हातात द्या. नुसतं 'काटा वर जातो' ऐकून त्यांच्याकडेही अंदाजाशिवाय दुसरं काही नव्हतं. सफाईनंतर पुन्हा तोच चढ, तेवढंच लोड आणि साधारण तेवढंच ऊन असताना आकडे घ्या. आठ-दहा अंश खाली आले तर विषय मिटला. नाहीच आले तर रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्या आणि वॉटर पंपाची पाती गंजून झिजलीत का ते बघा.

हे काम होईपर्यंत चढावर एक गिअर आधीच खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढले की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात, आणि वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेटण्यापेक्षा गाडी कमी तापते. एसी बंद ठेवा. काटा वर जायला लागला तर हीटर पूर्ण उघडा, केबिनमध्ये त्रास होईल पण थोडी उष्णता तिकडून निघते. थांबावं लागलं आणि कूलंट जागेवर असेल, तर इंजिन एकदम बंद करू नका. तीन-चार मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बोही थंड होऊ द्या. कूलंट सांडलेलं दिसलं, तर मात्र लगेच बंद करा. आणि कितीही घाई असली तरी गरम इंजिनावर रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका. वरचा होज पाइप हाताने आरामात दाबता येईपर्यंत वाट बघा.